तातडीचं: कॅलगरीत इव्हान्स्टन भागाच्या आसपास कुणी आहे का? घर गार पडतंय

प्रेषक: इव्हान्स्टन (सध्या पुणे)
मंडळी, घाईत लिहितेय. थर्मोस्टॅटच्या ॲपवर घरात १६ अंश दिसत होतं, आता ११ आहे आणि उतरतंच आहे. शेजारीणबाई रोज बघून यायच्या, पण त्यांच्या घरी वाईट बातमी आली आणि त्यांना सॅस्कटूनला जावं लागलं. कॅलगरीत आज उणे ३३ दाखवतायत. मेन व्हॉल्व्ह बंद करून निघालोय, नळांतलं पाणी मात्र काढलेलं नाही. गॅरेजच्या कोडने आत जाता येतं, कोड फोनवर सांगते. इथे सासूबाई गुळाच्या पोळ्यांना कागद लावतायत, सासरे प्रत्येक बॅग ताणकाट्याला लटकवून तेवीस किलो होतात का बघतायत आणि माझं सगळं लक्ष त्या आकड्याकडे. आम्ही परवा पहाटे मुंबईहून निघतो. कुणी जाऊ शकेल का?

प्रेषक: सॅडलरिजचे काका
आधी घराच्या बाहेरून बघायला सांगा. फर्नेस, म्हणजे घर तापवणारी भट्टी, नवीन पद्धतीची असेल तर भिंतीतून दोन पांढरे प्लास्टिकचे पाइप बाहेर आलेले असतात. एकातून हवा आत जाते, दुसऱ्यातून धूर बाहेर पडतो. त्या धुरात वाफ भरपूर असते. अशा थंडीत ती पाइपाच्या तोंडाशी गोठत जाते, तोंड बुजलं की फर्नेस स्वतःच बंद पडते. बर्फ हाताने काढा, हातोडी मारू नका, थंडीत प्लास्टिक तडकतं. मग फर्नेसचा स्विच मिनिटभर बंद करून परत लावा. फिल्टरही बघा. मी आत्ता कामावर आहे, सहाच्या आत निघता येणार नाही.

प्रेषक: सचिव
काकांनी सांगितलंय ते करावंच. पण सगळ्यांना कळकळीची विनंती, घर रिकामं आहे हे मंडळाच्या मेलिंग लिस्टवर लिहू नका. आता इथे आपल्या ओळखीबाहेरचेही बरेच जण आहेत. अशा कामांसाठी स्वागत समितीला थेट कळवावं.

प्रेषक: स्वागत समिती
सचिव, स्वागत समिती नव्याने येणाऱ्या कुटुंबांसाठी आहे. विमानतळावरून आणणं, पहिल्या आठवड्याचं जेवण, सोशल इन्शुरन्स नंबर कुठे काढायचा हे सांगणं. सुट्टीवर गेलेल्यांची घरं बघणं आमच्याकडे कधीच नव्हतं. वार्षिक सभेत हा विषय निघाला होता तेव्हाही आम्ही हेच म्हटलं होतं. माणसं द्या, आनंदाने करू.

प्रेषक: पॅनोरमावाली ताई
समित्यांचं नंतर बघा. आमचे हे निघालेत, दहा मिनिटांत पोचतील. इव्हान्स्टन, फोन उचल.

प्रेषक: महोगनी
आम्ही शहराच्या दुसऱ्या टोकाला, रस्ते असे आहेत की तासभर लागेल, म्हणून येत नाही. पण विम्याचं बोलायलाच हवं. आमच्या पॉलिसीत स्पष्ट आहे: हिवाळ्यात सलग चार दिवसांहून जास्त घर रिकामं राहिलं आणि पाइप फुटला, तर रोज कुणीतरी घर बघून जात होतं हे दाखवावं लागतं, नाहीतर पाणी बंद करून पाइप रिकामे केलेले असावे लागतात. नुसता व्हॉल्व्ह बंद केलेला चालत नाही. प्रत्येकाची पॉलिसी वेगळी असते, डिसेंबरची तिकिटं काढतानाच ती वाचा.

प्रेषक: सॅडलरिजचे काका
महोगनी, व्हॉल्व्ह बंद केल्याचा उपयोग नाही असं नव्या लोकांना वाटायला नको. पाइप फुटलाच तर आत अडकलेलं पाणीच तेवढं सांडतं. व्हॉल्व्ह उघडा असेल तर तळघर भरेपर्यंत वाहत राहतं. निघताना व्हॉल्व्ह बंद करा, सगळ्यात वरचा आणि तळघरातला सगळ्यात खालचा नळ उघडा, फ्लश ओढा. पंधरा मिनिटांचं काम आहे. आणि गाडी बाहेर उभी असेल तर ब्लॉक हीटर (इंजिन गरम ठेवणारा विजेचा हीटर) टायमरवर लावा, निघण्याआधी चार तास पुरेत.

प्रेषक: खजिनदार
ब्लॉक हीटरबद्दल काकांना पूर्ण अनुमोदन. १३ जानेवारी २०२४ ची संध्याकाळ आठवा, सगळ्या अल्बर्टात फोनवर वीज वाचवायचा इशारा वाजला होता. रात्रभर हीटर लावून ठेवणारी मंडळी आजही आपल्यात आहेत.

प्रेषक: पॅनोरमावाली ताई
झालं. पाइपाचं तोंड बर्फाने पूर्ण बुजलं होतं, मुठीएवढा गोळा निघाला. फर्नेस दुसऱ्या प्रयत्नात लागली. सिंकखालची कपाटं उघडी ठेवलीत म्हणजे तिथल्या पाइपांना ऊब लागेल. घरात आता १३ आहे. तळघर कोरडं आहे. फुटपाथवरचा बर्फही काढून टाकला, पडायचा थांबल्यापासून चोवीस तासांत काढायचा असतो, नाहीतर नोटीस यायची. तुम्ही येईपर्यंत हे सकाळ-संध्याकाळ चक्कर मारतील.

प्रेषक: इव्हान्स्टन (मुंबई विमानतळ)
ताई, दादांना काय म्हणू? ॲपवर १६ दिसलं तेव्हा कुठे घास उतरला. निरोप घेताना सासरे गेटपाशी एवढंच म्हणाले, "तिकडे तुमची माणसं आहेत हे कळलं, बरं वाटलं." दर वर्षी निघताना त्यांना हीच काळजी असते, दोन लेकरं घेऊन साडेआठपर्यंत न उजाडणाऱ्या गावात ही दोघं कुणाच्या भरवशावर राहतात. यंदा ते रात्री नीट झोपले. मुलांची जॅकेटं हातातल्या बॅगेत घेतलीत. पोळ्या, चटण्या, सगळं कस्टम्सला डिक्लेअर करणार आहोत, म्हणून बाहेर यायला वेळ लागेल.

प्रेषक: हळदीकुंकू समिती
सुखरूप या. तुळशीबागेतली वाणं तुमच्याच बॅगेत आहेत ना? ती परस्पर कुणाला देऊ नका, मोजून आमच्याकडेच द्या. मागच्या खेपेला दोन घरी विभागली गेली आणि ऐन कार्यक्रमात कमी पडली.

प्रेषक: सॅडलरिजचे काका
मेन व्हॉल्व्ह उघडायची घाई करू नका. घर पूर्ण तापू द्या. मी शनिवारी दहाला येतो. एकाने व्हॉल्व्हपाशी उभं राहायचं, दुसऱ्याने प्रत्येक नळाखाली बघायचं. तोवर पिण्याचं पाणी ताईंकडून घ्या.