मदत हवी आहे: सोलापूरच्या उन्हासाठी आणि महामार्गासाठी बीएमडब्ल्यू एम३४०आय घ्यावी की एएमजी सी४३?

नमस्कार. घरात एक ताकदवान सेडान घेण्याचे ठरले असून निवड बीएमडब्ल्यू एम३४०आय आणि मर्सिडीज-एएमजी सी४३ या दोन गाड्यांवर येऊन थांबली आहे. दोन्ही वापरलेल्या मिळत आहेत आणि दोन्हींची स्थिती चांगली आहे, त्यामुळे आता प्रश्न इंजिनाचा आणि येथील परिस्थितीचा उरला आहे.

बीएमडब्ल्यूचे इंजिन तीन लिटरचे, सरळ रांगेतील सहा सिलिंडरांचे असून त्याची शक्ती ३७४ अश्वशक्ती आहे. एएमजीचे इंजिन अवघे दोन लिटरचे आणि चार सिलिंडरांचे, पण शक्ती ४०८ अश्वशक्ती. टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, दोन्हींचा ५०० न्यूटन मीटर. तरीही कंपन्यांच्याच आकड्यांनुसार ताशी १०० किलोमीटरचा वेग बीएमडब्ल्यू ४.४ सेकंदांत गाठते, तर एएमजीला ४.६ सेकंद लागतात. माझ्या मते याचे मोठे कारण टॉर्क कोठे मिळतो यात आहे. बीएमडब्ल्यूचा पूर्ण टॉर्क साधारण १९०० ते ५००० आरपीएमपर्यंत (इंजिनाचे मिनिटाला फेरे) सलग मिळत राहतो; एएमजीचा कमाल टॉर्क ५००० आरपीएमला आणि कमाल शक्ती ६७५० आरपीएमला येते. अर्थात, एएमजीच्या टर्बोच्या (इंजिनात जास्त हवा दाबून भरणाऱ्या पंख्याच्या) दांड्यावरच एक छोटी विद्युत मोटर बसवलेली आहे आणि एक्झॉस्टचा, म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूंचा, जोर येण्याआधीच ती टर्बो फिरवू लागते. फॉर्म्युला वनमधून आलेले हे तंत्र मला मनापासून आवडते.

आमचा बहुतेक प्रवास सोलापूर-पुणे महामार्गावर होतो. चौपदरी महामार्गावर वेगमर्यादा ताशी १०० असल्याने २५० च्या कमाल वेगाचे मला आकर्षण नाही. गळिताच्या हंगामात मोहोळ ते इंदापूर या पट्ट्यात उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर मध्येच उजव्या लेनमध्ये येतात, वेग एकदम चाळीसवर आणावा लागतो आणि मागून ट्रक येत असताना पुन्हा ऐंशी-नव्वदवर जावे लागते. मला ताकद हवी आहे ती या क्षणासाठी. आठ गिअरचा, टॉर्क कन्व्हर्टरचा (द्रवातून ताकद पोहोचवणारा) गिअरबॉक्स असलेली बीएमडब्ल्यू आणि ओल्या, म्हणजे तेलात चालणाऱ्या, क्लचचा नऊ गिअरचा गिअरबॉक्स असलेली एएमजी, यांपैकी अशा वेळी विनाविलंब प्रतिसाद कोण देते, हे दोन्ही चालवलेल्यांनी कृपया सांगावे.

दुसरी चिंता उन्हाची आहे. एप्रिल-मे महिन्यांत येथे पारा चाळिशीच्या वर असतो आणि गरम हवा विरळ असल्याने टर्बो इंजिनाची ताकद काही प्रमाणात घटते. बीएमडब्ल्यूचा इंटरकूलर (टर्बोने दाबलेली गरम हवा थंड करणारा भाग) पाण्याने थंड होणारा असून तो इनटेक मॅनिफोल्डमध्येच, म्हणजे सिलिंडरांत हवा नेणाऱ्या नळ्यांच्या भागातच, बसवलेला आहे, ही मला जमेची बाजू वाटते. एएमजीमध्ये मात्र प्रत्येक लिटरमागे दोनशेहून अधिक अश्वशक्ती काढली जाते. भर उन्हात तासभर सलग चालवल्यानंतर तिचा जोर मंदावल्याचा अनुभव कोणाला आला आहे का?

धाकट्या भावाचा कल एएमजीकडे आहे. मागची चाकेही अडीच अंशांपर्यंत वळत असल्याने नवी पेठेच्या गर्दीत आणि तुळजापूरच्या घाटात ती अधिक सोपी जाईल, असे त्याचे म्हणणे आहे. माझा कल बीएमडब्ल्यूकडे आहे. विदर्भ, मराठवाडा किंवा उत्तर कर्नाटकातील उन्हाळ्यात यांपैकी एखादी गाडी वापरलेल्यांनी, विशेषतः वीस टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलवर, तिचे मायलेज आणि ओव्हरटेक करतानाचा प्रतिसाद कसा राहिला ते सविस्तर लिहावे, ही विनंती.