'बायोफाउलिंग'साठी मराठी शब्द कोणता?

प्रश्न (कोथरूड, पुणे):
महाविद्यालयाच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मी समुद्रात बुडालेल्या पृष्ठभागांवर वाढणाऱ्या जीवांविषयी मराठी फलक लिहीत आहे. जहाजांचे तळ, धक्क्यांचे खांब, वीजकेंद्रांना थंड ठेवण्यासाठी समुद्राचे पाणी आत घेणारे नळ, या सगळ्यांवर शैवाल, बार्नकल (टणक जागी चिकटून राहणारे पांढऱ्या कवचाचे छोटे प्राणी), शिनाणे (एक प्रकारचे शिंपले) अशी वस्ती होते. या प्रकारासाठी सहकाऱ्यांनी 'जैवदूषण' आणि 'जैवसंचय' असे दोन शब्द सुचवले आहेत. कोणता घ्यावा?

प्रतिसाद १:
माझ्या मते दोन्ही टाळावेत. 'दूषण' वाचले की सांडपाणी आणि तेलगळती डोळ्यांपुढे येते. येथे प्राणी केवळ टणक जागा पाहून मुक्काम ठोकतात. तळ खरबरीत होऊन पाण्याचा रोध वाढतो आणि इंधन जास्त जळते, ही तक्रार जहाजमालकाची. खरे दूषण झाले ते त्यावरच्या उपायाने. ट्रायब्युटिलटिन हे कथिलाचे संयुग घातलेले रंग जहाजांना लावले जाऊ लागल्यावर फ्रान्समधील आर्काशोंच्या खाडीत कालवांची कवचे बेढब जाड होऊ लागली, तर इंग्लंडच्या किनाऱ्यावरील सागरी गोगलगायींच्या माद्यांना नराचे अवयव फुटले. फ्रान्सने 1982 मध्ये लहान बोटींवर असे रंग वापरण्यास बंदी घातली. जागतिक करार 2001 मध्ये संमत झाला आणि तो अमलात यायला 2008 उजाडले. 'जैवसंचय' तर सजीवांच्या शरीरात विषारी द्रव्ये साठण्यासाठी आधीच वापरात आहे, आणि हे संयुग नेमके तसेच साठते. मग एकाच फलकावर एक शब्द दोन अर्थांनी येईल.

प्रतिसाद २:
'जैवपुट' कसा वाटतो? 'पुटे चढणे' हा प्रयोग घरोघरी आहे आणि त्यात एकावर एक थर बसण्याची कल्पना आहे. प्रत्यक्षातही तसेच घडते. पृष्ठभाग पाण्यात बुडताच काही मिनिटांत त्यावर सेंद्रिय रेणूंचा पापुद्रा धरतो, लवकरच त्यावर जिवाणू बसून बुळबुळीत थर तयार करतात, मग डायटम हे एकपेशी शैवाल येतात, आणि पुढील दिवसांत व आठवड्यांत शैवालांचे बीजाणू आणि प्राण्यांच्या अळ्या. हा क्रम सर्वत्र काटेकोर पाळला जातो असे नाही, परंतु फलकापुरता पुरेसा आहे. जिवाणूंच्या पहिल्या थराला मात्र वेगळे नाव ठेवावे, 'जैवपटल' चालेल.

प्रतिसाद ३:
आयुर्वेदात 'पुट' म्हणजे भस्म तयार करताना द्यायची आच. गजपुट, सहस्रपुटी अभ्रक हे शब्द पुण्यातल्या वैद्यांच्या तोंडी रोजचे आहेत. तरीही 'जैव' हे पूर्वपद असल्याने गोंधळ होणार नाही, त्यामुळे माझी हरकत नाही. हरकत आहे ती बार्नकलचे भाषांतर 'शिंपला' असे होते त्याला. पांढऱ्या कवचामुळे सजीवांच्या वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या लिनेयसनेही हे प्राणी मृदुकाय, म्हणजे शिंपले-गोगलगायींच्या गोतातले, मानले होते. 1830 मध्ये निसर्गअभ्यासक जॉन व्हॉन थॉम्प्सन यांनी त्यांच्या अळ्यांच्या निरीक्षणावरून ते खेकडा-कोळंबीच्या गोतातले असल्याचे दाखवले. चिकटण्यापूर्वीची त्यांची अळी काहीही खात नाही. साठवलेल्या चरबीवर तग धरून ती दोन स्पर्शिकांनी पाऊल टाकल्यासारखी पृष्ठभागावर फिरते, जागा चाचपते, न आवडल्यास पोहत निघून जाते, आणि पसंत पडली की स्पर्शिकांतूनच सिमेंट सोडून डोक्याच्या बाजूने कायमची चिकटते. संशोधकांना सर्वाधिक रस या चाचपणीत आहे, कारण अळी या टप्प्यावरच माघारी फिरली तर पुढचा खर्च वाचतो. प्राण्याचे नाव 'बार्नकल' असेच ठेवावे.

प्रश्नकर्ती:
'जैवपुट' घेते. पण प्रतिबंधक रंगांना एकच नाव पुरेल का? आणि 'पुट' ऱ्हस्व की दीर्घ?

प्रतिसाद २:
'पुट' संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, म्हणून ऱ्हस्व, अनेकवचन 'पुटे'. रंगांना एक नाव पुरणार नाही. तांब्याची संयुगे झिरपवून जीवांना मारणारे रंग 'जैवपुटनाशक' म्हणता येतील. सिलिकोनचे लेप कोणाला मारत नाहीत, त्यांच्यावर पकड घट्ट बसत नाही आणि जहाजाने वेग घेतला की चिकटलेले जीव पाण्याच्या जोराने निसटतात. त्यांना सरळ 'निसरडे लेप' म्हणावे.