क्रूझला बॅगा किती न्यायच्या? माणशी एक की घर उचलून? (घरात भांडण चालू आहे, मत द्या)

रामबागवाला
मंडळी, इंदूरहून लिहितोय. जानेवारीत मुंबईहून लक्षद्वीपची क्रूझ बुक केली आहे, मी, सौ. आणि मुलगी. निघायला अजून तीन आठवडे आहेत आणि आमच्याकडे बॅगा आत्तापासूनच दिवाणावर उघड्या पडल्यात, बसायला जागा नाही, पेपर उभ्याने वाचतोय. माझं म्हणणं सरळ आहे, माणशी एक छोटी बॅग, बास. दोन वर्षांपूर्वी सिंगापूरहून चार रात्रींची क्रूझ केली तेव्हा तिघांत पाच बॅगा होत्या आणि त्यातली एक तर उघडलीच नाही, इथून जशी बंद करून नेली तशीच परत आणून माळ्यावर टाकली. केबिन म्हणजे केवढी हो ती, दोघांचे पलंग आणि तिसऱ्याचा वरून भिंतीतून खाली ओढायचा, मुलीला रात्री बाथरूमला जायचं तर बॅगांवरून उड्या मारत जायची.

सौ. म्हणते जहाजाला वजनाचं काय, एवढं मोठं धूड ते. जहाज उचलतं हो, पण जहाजापर्यंत कोण उचलतं? घरून रिक्षा, स्टेशन, अवंतिका एक्स्प्रेसमध्ये चढवा, सकाळी सकाळी मुंबई सेंट्रलला उतरवा, मग टॅक्सी करून बॅलार्ड पिअर. हमाल मीच. तर सांगा, कमी न्यावं की भरपूर?

सुदामानगरची काकू
भाऊ, मी भरपूरवाल्यांच्या पार्टीची. युरोपची टूर असेल, चारधाम असेल, तिथे रोज हॉटेल बदलायचं, रोज बॅग भरा रोज उपसा, तिथे कमी न्या, मी पण नेते. पण क्रूझ ही एकच ट्रिप अशी आहे की पहिल्या दिवशी कपाटात कपडे लावले की संपलं, हॉटेलच आपल्याला घेऊन फिरतं. मग तिथेच जीव का मारायचा? आणि रेल्वेचं म्हणाल तर थर्ड एसीला माणशी ४० किलो फुकट नेता येतं, सेकंड एसीला ५०. तिघांचे १२० किलो झाले, तेवढं तर तुमच्या दिवाणावर मावणार पण नाही.

कपडे लागतातच हो. सकाळी डेकवर एक, पोहायला एक, रात्री जेवायला नटून एक. धुवायला टाकावं तर लाँड्रीचे पैसे नगावर लावतात, मी दरपत्रक वाचलं आणि सरळ परत ड्रॉवरमध्ये ठेवून दिलं. त्यापेक्षा चार कुर्ते जास्त नेलेले काय वाईट?

एकच_पिशवी
काकू सॉरी पण ४० किलो नेता येतं म्हणजे न्यायलाच पाहिजे असं थोडंच आहे 😄 मी विमानाने जातो, हातातले ७ किलो, त्याच्यावर एक ग्राम नाही, चेक-इनचे १५ मिळतात तेही वापरत नाही. तीन लवकर वाळणारे टीशर्ट, दोन पँट, एक शर्ट बरा. रात्री बेसिनमध्ये धुवायचं, बाथरूममध्ये ओढून लावायची दोरी असते तिच्यावर टाकायचं, एसीत सकाळपर्यंत खडखडीत.

आणि मजा कुठे येते सांगू, शेवटच्या दिवशी. आपली बॅग आपणच घेऊन उतरणाऱ्यांना आधी सोडतात. बाकीची जनता टॅगच्या रंगाचा नंबर कधी पुकारतील म्हणून लाउंजमध्ये बसलेली आणि मी बाहेर वडापाव खात उभा.

सुदामानगरची काकू
एकटा गेला होतास ना बाळा? लग्न होऊ दे, मग परत लिही.

एकच_पिशवी
😐

बडोद्याची सूनबाई
मला या हलक्या बॅगवाल्यांना एक विचारायचं आहे. आमच्याकडे पण "मी आपली एकच बॅग नेतो" हे दर सुट्टीला ऐकवलं जातं, पाहुण्यांसमोर तर जास्तच. त्या एका बॅगेत असतं काय, तर फक्त त्यांचे स्वतःचे कपडे. टूथपेस्ट, कंगवा, नेलकटर, त्यांची बीपीची गोळी, सगळ्यांचे चार्जर, जास्तीचे रुमाल, पासपोर्टच्या झेरॉक्सा, मुलाचं तापाचं औषध, पोराने उलटी केली तर पुसायला जुना पंचा, रस्त्यात खायला थेपले, हे सगळं कुठे असतं? माझ्या बॅगेत. मग प्लॅटफॉर्मवर एका हाताने आपली बॅग उचलून दाखवायची, बघ किती हलकी, आणि माझीकडे बघून मान हलवायची. ती हलकी आहे कारण तिचं अर्धं वजन माझ्याकडे आहे ना!

रामबागवाले भाऊ, राग मानू नका, पण त्या पाच बॅगांत तुमचं किती होतं?

रामबागवाला
विषय भरकटतोय. प्रश्न एकूण वजनाचा आहे.

बडोद्याची सूनबाई
समजलं 🙏

लष्करवाला (ग्वाल्हेर)
मी काही वर्षं जहाजावर हाउसकीपिंगला होतो, आता घरी असतो. दोन्ही पार्ट्यांनी वजन धरून ठेवलंय पण जहाजावर भानगड वजनाची होत नाही, वेळेची होते. कशी ते सांगतो.

तुम्ही टर्मिनलवर मोठी बॅग दिली की तिला तुमच्या केबिनचा नंबर लिहिलेला टॅग लागतो, मग ती स्कॅनरमधून जाते, मग ट्रॉलीवरून जहाजाच्या पोटात, मग एकेका डेकवर पोरं ओढत आणून दाराशी ठेवतात. मोठ्या जहाजावर दोन-तीन हजार माणसं, म्हणजे बॅगा किती ते तुम्हीच धरा. तुम्ही दुपारी चढलात तरी बॅग संध्याकाळपर्यंत येईल, कधी जेवण झाल्यावर. तोवर लोक कॉरिडॉरमध्ये आम्हाला पकडून विचारायचे, भैया हमारा बैग. एक आजी तर इन्सुलिन मोठ्या बॅगेत टाकून बसल्या होत्या. मग खालून त्यांची बॅग शोधून आणायला दोन माणसं पळवली, मिळाली, पण तासभर सगळ्यांचा जीव टांगणीला. म्हणून औषधं, चष्मा, लक्षद्वीपच्या परमिटचे कागद, आधार, पोहायचे कपडे आणि एक बदलायचा जोड, हे खांद्यावरच्या बॅगेत ठेवा. मोठी बॅग मग एक न्या की तीन न्या, मला काही फरक पडत नाही.

इस्त्री नेऊ नका. पाण्याची किटली पण नाही. जहाजावर आगीची सगळ्यात जास्त भीती असते, स्कॅनरमध्ये दिसली की काढून घेतात आणि उतरताना परत देतात, म्हणजे नुसतीच हमाली. त्या लांब वायरच्या तीन-चार भोकांच्या पट्ट्या पण बऱ्याच जहाजांवर काढून घेतात. घरचं शिजवलेलं चढवू देत नाहीत, सीलबंद पाकीट असेल तर साधारण चालतं.

बॅगांवरून उड्या मारायचं म्हणाल तर पलंगाखाली बघितलं होतं का? पलंग मुद्दाम उंच केलेला असतो, रिकामी बॅग तिथे सरकवायची. आणि केबिनच्या भिंती लोखंडी असतात, आपल्या फ्रिजला लावतो तसले चुंबकाचे हुक मिळतात ते पाच-सहा न्या, टोप्या, पिशव्या, ओले कपडे सगळं भिंतीवर. बाल्कनीच्या कठड्यावर मात्र वाळत घालू नका, वाऱ्याने कुठे जाईल पत्ता लागणार नाही आणि आमच्या माणसाची बोलणी खाल.

रामबागवाला
पलंगाखाली बघितलं नव्हतं.

बिजासन टेकडी
लष्करवाल्या भियांनी पहिल्या दिवसाचं सांगितलं, मी शेवटच्या दिवसाचं सांगतो, हसू नका. शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा टॅग लावून दाराबाहेर ठेवायच्या असतात, रात्रीत ते उचलून नेतात. आमच्या बायकोने अगदी पद्धतशीर सगळं भरलं, अकरा वाजता बाहेर ठेवलं, आम्ही खूश, झोपलो. सकाळी उठलो तर माझ्याजवळ अंगातला पायजमा आणि जहाजाची स्लीपर. एवढंच. बूट सुद्धा बॅगेत. अख्ख्या टर्मिनलमधून पट्ट्यापट्ट्याच्या पायजम्यात, वरती बायकोची शाल पांघरून उतरलो, इमिग्रेशनवाल्याने पासपोर्टचा फोटो बघितला, मला बघितलं, परत फोटो बघितला. आमच्याकडे तेव्हा सात बॅगा होत्या आणि एकही जवळ नव्हती. तेव्हापासून मी एकच_पिशवीच्या पार्टीत.

एकच_पिशवी
या भिया या 🤝

सुदामानगरची काकू
हा बॅगांचा दोष झाला का? हा झोपेच्या आधी विचार न केल्याचा दोष झाला. आणि शाल कुठून आली? कोणीतरी जास्तीची घेतली होती म्हणून ना!

एक मी कबूल करते, साड्यांच्या बाबतीत मी शहाणी झाले. पहिल्या वेळी फॉर्मल नाइटला म्हणून पैठणी नेली, तिला वेगळी मलमलची पिशवी, ब्लाउज, परकर, दागिन्यांचा डबा, सगळं मिळून एका बॅगेचा कोपराच खाल्ला तिने. आता महेश्वरी नेते. रेशीम-सुती असते, घडी केली तर पंच्याएवढी होते, चुरगळली तरी नेसल्यावर बरी दिसते, दिव्यात काठ छान चमकतो. जेवायच्या टेबलावर दिल्लीच्या एक बाई विचारत बसल्या कुठली, मग मी अहिल्याबाईंपासून सगळी गोष्ट सांगितली, सूप गार झालं त्यांचं.

एकच_पिशवी
काकू म्हणजे तुम्ही पण कमी करूनच राहिलात 😄

सुदामानगरची काकू
साडी कमी केली. त्या जागेत दोन आणखी घेतल्या.

तिसरी बाजू
आम्ही दोन्ही करून बघितलं. थंडीचं कोणी बोलत नाहीये म्हणून लिहितो. इंदूरवाले समुद्र म्हटलं की नुसते सुती कपडे भरतात. बाहेर उकडतं पण आत एसी असा की थिएटरमध्ये बसलं तर गुडघे धरतात, आणि रात्री डेकवर वारा कानात शिरतो. एक स्वेटर नाही तर जाडी शाल पाहिजेच, कमीवाले असा नाही तर भरपूरवाले. आणि बोट लागते त्यांनी उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून बरोबर ठेवा, पण डोकं गरगरायला लागल्यावर नाही घ्यायची, आधीच घ्यायची असते.

लक्षद्वीपला जाताय तर दिवसाची पिशवी हलकीच बरी. तिथे पाणी उथळ, मोठं जहाज लांब उभं राहतं आणि छोट्या बोटीत उतरून बेटावर जायचं. बोट खालीवर होत असते, दोन्ही हात मोकळे लागतात. त्या वेळी खांद्यावर घोळदार पर्स, एका हातात टोपी, दुसऱ्यात मोबाइल असं ध्यान करून उभे राहू नका. आणि परत येताना मुलीने किनाऱ्यावरून प्रवाळाचे तुकडे उचलले तर तिथेच ठेवायला लावा, वन्यजीव संरक्षण कायद्यात प्रवाळ येतो, आठवण म्हणून आणायला जाल आणि बॅग तपासताना पंचाईत होईल.

रामबागवाला
छान माहिती मिळाली, सगळ्यांचे आभार. एकूण बघता बहुमत कमी नेण्याकडेच दिसतंय. पहिल्या दिवसाची एक खांद्यावरची आणि माणशी एक छोटी.

सुदामानगरची काकू
कुठे दिसलं बहुमत?

रामबागवालीच
अहो, मी वाचते आहे. मुलीने लिंक पाठवली.

ती सिंगापूरला न उघडलेली बॅग कोणाची होती ते लिहायचं राहिलं तुमच्याकडून. तुमच्या ब्लेझरची आणि काळ्या बुटांची. फॉर्मल नाइटला मोठ्या डायनिंग हॉलमध्ये जायचं म्हणून तुम्हीच दोनदा आठवण केली होती, ब्लेझर विसरू नकोस. मी महेश्वरी नेसून तयार, मुलगी तयार, आणि तुम्ही म्हणालात कोण तो कोट घालेल, बुफेत टीशर्टवर चालतं, आपण बुफेतच जाऊ. गेलो आपण बुफेत. मी महेश्वरीत आणि शेजारी सगळे चड्ड्यांवर.

आणि बडोद्याच्या ताईंना सांगते, पाचातल्या दोन माझ्या होत्या. त्यात यांची दाढीची पिशवी, गुडघ्याचा पट्टा, दुसरा चष्मा, पॉवर बँक (ती मोठ्या बॅगेत चालत नाही म्हणून विमानतळावर मलाच शोधून काढायला लावली, सगळ्यांसमोर), आणि अर्धा किलो लौंग सेव. सेव मी खात पण नाही.

बडोद्याची सूनबाई
ताई 🙏🙏🙏

बिजासन टेकडी
रामबागवाले भिया, पायजम्यात उतरणं सोपं होतं यापेक्षा.

रामबागवाला
ती बॅग तू भरली होतीस.

रामबागवालीच
तुम्ही सांगितलंत म्हणून. या वेळी ब्लेझर नेणार का नाही ते आत्ता सांगा, इथेच, सगळ्यांसमोर. नेणार असाल तर घालायचा. नाही तर मी पण कुर्त्यावर येते, माझी पण एक बॅग कमी.

रामबागवाला
नाही नेत.

रामबागवालीच
बरं. मग दोन मोठ्या तिघांत, आणि प्रत्येकाच्या खांद्यावर एक, ज्याची औषधं त्याच्याजवळ. इस्त्री मी सकाळीच काढून ठेवली, लष्करवाल्या भाऊंचं वाचून. गुडघ्याचा पट्टा तुमच्या पिशवीत टाकलाय.

लष्करवाला (ग्वाल्हेर)
चुंबकाचे हुक घ्यायला विसरू नका वहिनी.

रामबागवालीच
सियागंजला गेले की घेते भाऊ. आणि अहो, पोह्यांवरच्या जिरावन मसाल्याचा डबा कुठे ठेवलात? सुटं चालणार नाही म्हणतायत, सीलबंद पाकीट आणावं लागेल. तुम्ही जहाजावर पोह्यांना नावं ठेवणार हे मला माहीत आहे.