अनुभव धागा: उष्ण कटिबंधातल्या किनाऱ्यावर फोटोफेरी स्वतःच कशी आखाल?

सोबत गाइड नाही, गट नाही. दोन-तीन तासांची पायपीट आणि हातात कॅमेरा नाहीतर फोन. अशी फेरी आखताना आधी काय बघता, कुठे घोळ होतो आणि का, ते लिहा. ‘सूर्यास्त काय अप्रतिम होता!’ छापाचे प्रतिसाद नकोत. उद्या सकाळी कुणाला वापरता येईल असं लिहा.

भांगउधाण

सगळे आधी सूर्योदयाची वेळ बघतात. त्याआधी भरतीचा तक्ता बघा, तोही त्याच ठिकाणचा. उजेड रोज जवळपास त्याच वेळी येतो, पाण्याचं तसं नाही. दिवसाला दोन भरत्या असलेल्या किनाऱ्यावर वेळ रोज सरासरी ५० मिनिटं पुढे सरकते. काही किनाऱ्यांवर दिवसात भरती एकदाच येते, तिथे हा हिशेब चालत नाही.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाची ओहोटी एका ठिकाणी वर्षभर साधारण त्याच घड्याळी वेळेला येते. समजा तिथे ती दुपारी बाराच्या आसपास असेल, तर सूर्योदयाला उधाणाची ओहोटी मिळायची वाट बघण्यात अर्थ नाही. पहाटेची ओहोटी मिळेल ती अष्टमीच्या आसपास, म्हणजे भांगाची, आणि तेव्हा पाणी कमीच हटतं. उघडे कातळ आणि त्यातली डबकी टिपायची असतील तर दुपार सोसायची. सकाळचा उजेड हवा असेल तर ओल्या पुळणीवर समाधान मानायचं.

निघायचं ते ओहोटी पुरी व्हायच्या दीड तास आधी. पाणी हटत जातं तशी वाळू कोरी आणि घट्ट मिळते. परतीचा हिशेब बारा भागांचा: भरतीच्या सहा तासांत पाणी अनुक्रमे १, २, ३, ३, २, १ असे भाग चढतं. म्हणजे पहिल्या दोन तासांत पाव, पुढच्या दोन तासांत तब्बल अर्धं. वाटेत ओढ्याचं मुख किंवा पाण्यात घुसलेला कातळाचा सुळका असेल तर ओहोटीनंतर दोन तासांच्या आत तो ओलांडून परत आलेलं बरं. ‘आत्ता तर घोट्याएवढंच होतं’ हे वाक्य तिसऱ्या तासातलं.

कोनमापे

उजेडाबद्दल. विषुववृत्ताजवळ सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, तासाला १५ अंश. सोनेरी उजेड म्हणजे शेवटचे ६ अंश धरले तर हातात २४-२५ मिनिटं येतात. मावळल्यावरचा निळा उजेडही जेमतेम तेवढाच. थंड प्रदेशातल्या फोटोग्राफरांचे ‘सोनेरी तास’ वाचून आखलेली फेरी इथे अर्ध्यातच अंधारात जाते. म्हणून त्या पाऊण तासासाठी जास्तीत जास्त तीन जागा, त्याही एकमेकींपासून ३००-४०० मीटरच्या आत, आणि तिन्ही आदल्या दिवशी पायाखालून घातलेल्या. बाकी वेळेला तासाला एक ते दीड किलोमीटर धरा, त्याहून जास्त नको. मऊ वाळूत चालायला पक्क्या रस्त्याच्या दुपटीहून जास्त श्रम पडतात.

किनारा पश्चिमेला तोंड करून आहे एवढ्यावर जाऊ नका. सूर्य नेमका पश्चिमेला मावळतो तो मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनांच्या आसपासच. जूनच्या अखेरीस तो साधारण २४ अंश उत्तरेला सरकलेला असतो, डिसेंबरात तेवढाच दक्षिणेला. उत्तर टोकाला डोंगर असेल तर डिसेंबरात समुद्रात बुडणारा सूर्य जूनमध्ये डोंगराआड जाईल.

किनाऱ्यामागे पूर्वेला टेकडी असेल तर हात लांब करून मूठ धरा. एक मूठ साधारण १० अंश. दीड मूठ उंच टेकडी म्हणजे ऊन वाळूवर पोचायला सूर्योदयानंतर तास जाणार. मग पहाटे पाचला उठून काय करायचं, ते आधीच ठरवा.

फिरतं काच

पोलरायझर (लेन्सपुढे लावून फिरवायचा, चमक कापणारा फिल्टर) घ्याच, पण डोळे मिटून लावू नका. तो दीड-दोन स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). आकाशावर परिणाम होतो सूर्यापासून ९० अंशांवर, आणि २४ मिमीपेक्षा रुंद (म्हणजे कमी मिमीच्या) लेन्सवर आकाशात मधोमध गडद पट्टा उमटतो, जो नंतर काही केल्या निघत नाही. पाण्यावरची चमक काढायची तर पाण्याच्या पातळीशी साधारण ३७ अंशांतून खाली बघा. सरळ खाली बघून रिंग कितीही फिरवा, फरक पडत नाही.

आणि दुपार सरसकट टाकून देऊ नका. उथळ पाण्याचा हिरवा-निळा रंग सूर्य डोक्यावर असतानाच खुलतो, कारण उजेड तळच्या पांढऱ्या वाळूपर्यंत उतरतो. उंच जागा असेल तर ती दहा ते दोनसाठी राखून ठेवा. माणसांचे चेहरे मात्र तेव्हा नकोत. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडू लागतात.

@फिरतं काच यांना जोडून: पांढऱ्या वाळूवर कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर फसतो आणि वाळू मळकट राखाडी येते. एक्स्पोजर +०.७ ते +१.३ स्टॉप वाढवून द्या आणि हिस्टोग्राम (पडद्यावरचा उजेडाचा आलेख) उजव्या भिंतीला टेकतोय का ते बघा. काळ्या ज्वालामुखी वाळूवर उलट, उणे करा. पडद्यावरचं चित्र उन्हात कायम खोटं बोलतं. त्यातून पोलराइज्ड गॉगल घातला असेल तर कॅमेरा आडवा-उभा करताना पडदा काळा दिसू शकतो. कॅमेरा बिघडलेला नसतो, गॉगल काढा.

ओलं भिंग

पहाटेची फेरी वाया जाते ती बहुतेक वेळा धुक्याने, आणि ते धुकं लेन्सवरचं असतं. एसीच्या खोलीत रात्रभर गार झालेली काच बाहेरच्या दमट हवेत नेली की पाणी धरते. पुसलं की पुन्हा येतं आणि वर फरांटे राहतात. उपाय: झिपच्या पिशवीत कॅमेरा घालून हवा दाबून काढायची, उठल्याउठल्या पिशवी बाहेर व्हरांड्यात ठेवायची आणि अर्धा-पाऊण तास उघडायची नाही. दव पिशवीवर जमेल, काचेवर नाही. तेवढ्यात लेन्स बदलायला गेलात तर तेच धुकं आत सेन्सरवर.

किनाऱ्यावर लेन्स बदलूच नये, असं माझं ठाम मत. ३० मिमीच्या आसपासची एक आणि मागे फोन, पुरे. बदलावीच लागली तर वाऱ्याकडे पाठ आणि कॅमेऱ्याचं तोंड खाली.

तीन पायांचा

पाठ कितीही कुरकुरो, ट्रायपॉड हवाच. पाणी मागे ओढलं जाताना वाळूवर उमटणाऱ्या रेघा १/४ ते १/२ सेकंदात येतात, आणि तेवढा वेळ हात स्थिर राहत नाही. लाट परतायला लागली की बटण दाबा. येताना दाबलंत तर नुसता पांढरा फेस.

पाय उघडताना सगळ्यात खालचा, बारीक भाग आधी पूर्ण बाहेर काढा, म्हणजे सांधे पाण्या-वाळूच्या वर राहतात. मग तिन्ही पाय वाळूत दाबून घ्या. प्रत्येक लाटेनंतर पायाखालची वाळू सरकते आणि क्षितिज कलतं, त्यामुळे दर दोन-तीन लाटांनी पातळी बघा. १० स्टॉपचा एनडी (उजेड कमी करणारा गडद फिल्टर) लावलात तर १/३० सेकंदाचे ३० सेकंद होतात, आणि तेवढ्यात एकच लाट आली तरी सगळं हललेलं. ओल्या वाळूवर ६ स्टॉपचा बरा, १/३० चे दोन सेकंद. १० वाला कातळासाठी ठेवा. परत आल्यावर गोड्या पाण्याने पाय धुवा, सांधे उघडून वाळवा. खारं पाणी आत वाळलं तर पुढच्या वेळी पेच फिरत नाही.

@तीन पायांचा, फेरीत पाच किलोमीटर असतील तर ट्रायपॉड नको. एफ/११ अ‍ॅपर्चरला २४ मिमीची लेन्स फुलफ्रेम (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर पावणेदोन मीटरवर फोकस केली की सुमारे ९० सेंमीपासून क्षितिजापर्यंत सगळं धारदार येतं. उजेड असेपर्यंत हातात धरूनच काम होतं.

खडपावर

पायांकडे कुणी बघत नाही म्हणून लिहितो. बंद बूट, जाड तळ. कालवांच्या कडा चपलेच्या बाजूने कापतात, आणि डबक्यात काटेरी सागरी साळिंदर (सी अर्चिन) बसलेलं असतं. उघड्या पडलेल्या प्रवाळावर पाय ठेवायचा नाही, तो जिवंत आहे. काळा ओला कातळ म्हणजे लाट तिथवर येते. उभं राहण्याआधी १०-१५ मिनिटं नुसतं बघा, कारण मोठ्या लाटा झुंडीने येतात.

आपलीच पावलं फ्रेममध्ये येतात, ही दुसरी अडचण. जाताना पाण्याच्या कडेने चला, लाट खुणा पुसते. परतताना वरच्या कोरड्या वाळूतून. कासवं अंडी घालायला येणारा किनारा असेल तर रात्री फ्लॅश आणि पांढरी टॉर्च बंद, फोनचा पडदासुद्धा.

डास पळवायचं औषध अंगाला लावत असाल तर हात धुऊनच कॅमेरा धरा. त्यातलं डीट हे रसायन काही प्रकारचं प्लास्टिक विरघळवतं, ग्रिप चिकट होऊ शकते.