तिकिटावरचे नाव आणि विमान कंपनीचा दंड

तापीकाठ (जळगाव):
‘तिकीटघर’ यांच्या कालच्या पोस्टखाली दोन ओळी लिहून भागले असते, पण ती वाचून डोके इतके तापले की स्वतंत्र धागा काढतो आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की विमानाच्या तिकिटावर नाव चुकणे हा निव्वळ प्रवाशाचा हलगर्जीपणा आहे, कंपन्यांनी त्यासाठी भरभक्कम शुल्क घेतलेच पाहिजे आणि ज्यांना ते जड वाटते त्यांनी एस.टी.ने जावे. शेवटच्या टोमण्याला उत्तर देत नाही; चोपड्याहून रातराणी धरून मुंबईच्या विमानतळावर पोहोचणारी आमची माणसे एस.टी.नेच जातात.

माझा मुद्दा असा, की नावाची दुरुस्ती आणि तिकीट दुसऱ्या माणसाच्या नावावर करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि शुल्काचे समर्थन करणारे त्यांची सोयीस्कर गल्लत करतात. दुरुस्तीत माणूस तोच, जागा तीच, भाडेही तेच असते. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानेही ते मान्य केलेले आहे: तिकीट थेट कंपनीच्या संकेतस्थळावरून काढले असेल आणि चूक २४ तासांत कळवली, तर त्याच व्यक्तीच्या नावातील दुरुस्तीला जादा पैसे घेता येत नाहीत. मग पंचविसाव्या तासाला त्याच दोन अक्षरांचे मोल एकाएकी कसे वाढते?

तिकीटघर (भुसावळ):
माझ्याच पोस्टवर धागा निघाला आहे, तेव्हा बोलणे भाग आहे. मी वर्षानुवर्षे तिकिटे काढून देतो आणि नावे कशी चुकतात हे रोज पाहतो. लोक आधार कार्डाचा फोटो पाठवतात, त्यावर प्लॅस्टिकची चकाकी अशी येते की अर्धे नाव दिसतच नाही. पुन्हा मागितला तर आवाजी निरोप येतो, "आईचे नाव तुला माहीतच आहे की, टाकून दे." अर्जात पहिल्या नावाचा एक रकाना आणि आडनावाचा एक, आणि आपल्याकडे नाव तीन पदरी. वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव कुठे बसवायचे हे दर वेळी मीच ठरवायचे आणि चुकले की शिव्याही मीच खायच्या.

राहिला तिकीट दुसऱ्याच्या नावावर करण्याचा प्रश्न. ती मोकळीक दिली, तर दिवाळीच्या आणि लग्नसराईच्या जागा सहा महिने आधी स्वस्तात उचलणारे दलाल उभे राहतील आणि तुम्हाला त्याच जागा तिप्पट भावाने घ्याव्या लागतील. शुल्क आहे म्हणून तो धंदा बंद आहे.

आबा, निवृत्त रेल्वे (भुसावळ):
तिकीटघर यांना नम्रपणे आठवण करून देतो, की त्यांच्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर जे आरक्षण कार्यालय आहे तेथे ही मोकळीक कित्येक वर्षांपासून आहे आणि त्यामुळे रेल्वे बुडालेली नाही. खात्रीचे आरक्षण असलेला प्रवासी गाडी सुटण्याच्या २४ तास आधी लेखी अर्ज देऊन आपले तिकीट आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, पती किंवा पत्नी यांच्या नावावर करून घेऊ शकतो. नात्याचा पुरावा लागतो, मुख्य आरक्षण पर्यवेक्षकाची सही लागते आणि हा बदल एकदाच होतो. वऱ्हाडाच्या आणि विद्यार्थ्यांच्या गटासाठी ४८ तासांची वेगळी तरतूद आहे. शिधापत्रिका घेऊन रांगेत उभे राहिलेले भाऊ-भाऊ मी नोकरीभर पाहिले आहेत, त्यांत दलाल क्वचितच असे. दलाल तत्काळच्या खिडकीवर असत, पण तो विषय काढला तर रात्र पुरायची नाही.

तिकीटघर:
आबा, आदर राखून सांगतो, रेल्वेचे भाडे ठरलेले असते. विमानाचे भाडे रोज बदलते आणि म्हणूनच तिकिटाचा बाजार तेथे होऊ शकतो.

धुळ्याचा मास्तर:
हे मात्र बरोबर आहे आणि त्यामागे गणित आहे. १९७२ साली बीओएसी या ब्रिटिश विमान कंपनीच्या केन लिटलवूड यांनी नियम मांडला, की शेवटच्या घटकेला पूर्ण भाड्याचे गिऱ्हाईक येण्याची शक्यता आणि ते भाडे यांच्या गुणाकारापेक्षा स्वस्त तिकिटाची रक्कम जास्त असेल तोवरच स्वस्त तिकीट विकावे. आज कंपन्यांची भाडी त्याच विचाराच्या वाढवलेल्या रूपावर चालतात. आधी घेणारा आणि ऐनवेळी घेणारा यांच्यातली भिंत पडली तर सगळी रचना कोसळते आणि तिकिटावरचे नाव ही ती भिंत आहे.

फक्त, मग सुरक्षेचे नाव पुढे करू नये एवढीच माझी विनंती आहे. उड्डाणाच्या काही तास आधी अनोळखी माणूस तिकीट विकत घेऊ शकतो, प्रवेशद्वारावर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा जवान त्याचे ओळखपत्र पाहतो आणि त्याला आत सोडतो. मग २ दिवस आधी धाकट्या भावाचे नाव घातल्याने कोणता धोका वाढतो? हा पैशाचा प्रश्न आहे आणि तो पैशाचा म्हणूनच सांगावा.

शिरपूरचा पाहुणा:
युरोपात रायनएअर ही स्वस्त विमान कंपनी पूर्ण नाव बदलू देते आणि त्याचे संकेतस्थळावर ११५ युरो घेते. कित्येकदा मूळ तिकीटच त्याहून स्वस्त असते. म्हणजे दार उघडे ठेवायचे आणि उंबऱ्यावर खंदक खणायचा. आपल्याकडे दारच नाही, इतकाच फरक.

अमळनेरची लेक:
येथे सगळे पुरुष गणित सांगत आहेत, म्हणून ज्यांची नावे खरोखर बदलतात त्यांच्या वतीने लिहिते. माझी पदवी आणि पॅन कार्ड माहेरच्या नावाने आहे. आधार सासरच्या नावाने आहे आणि त्यावर पहिले नावसुद्धा तेच आहे जे लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिले गेले. कार्यालयाने पॅनवरून तिकीट काढले. विमानतळाच्या दारात आधार पाहून जवानाने माझे सौजन्याने ऐकून घेतले आणि कंपनीच्या खिडकीकडे पाठवले. तेथील मुलीने मान वर न करता सांगितले, की ही दुरुस्ती नव्हे, ही दुसरी व्यक्ती आहे, नवे तिकीट घ्या. विवाह नोंदणीचा दाखला मी मोबाइलवर दाखवत होते आणि ती दुसऱ्या दराचा आकडा वाचून दाखवत होती. शेवटी पैसे भरले. या धाग्यातला "माणूस तोच" हा मुद्दा तेथे कोणी मानला नाही.

शिरपूरचा पाहुणा:
ताई, राग मानू नका, पण सगळ्या कागदांवर एकच नाव करून घेतले असते तर हा प्रसंगच आला नसता. यात कंपनीचा दोष काय?

अमळनेरची लेक:
आपल्या नावाला उभ्या आयुष्यात कोणी हात लावलेला नाही, म्हणून असे सुचते. आधारवरचे नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते, विद्यापीठाच्या फेऱ्या निराळ्या, आणि हे सगळे पूर्ण होईपर्यंत मी विमानात बसायचे नाही असा आपला सल्ला आहे काय?

राजपूत, नंदुरबार:
पाहुण्यांना सांगतो, हा केवळ महिलांचा प्रश्न नाही. माझ्या एका ओळखपत्रावर ‘सिंग’ आहे, दुसऱ्यावर ‘सिंह’, आणि वडिलांच्या आधारवर ऑपरेटरने ते नावालाच जोडून टाकले आहे. आमच्या आईच्या नावापुढे ‘बाई’ कोणी लावले हे घरात कोणालाच ठाऊक नाही. सरकारी माणसाने टंकलेली चूक आम्ही निस्तरायची, आणि तिकिटावर ती जशीच्या तशी उतरली नाही की दंडही आम्हीच भरायचा, हा कुठला न्याय?

तिकीटघर:
धागा विमान कंपन्यांवर होता, तो आता आधार केंद्रावर घसरला आहे.

तापीकाठ:
घसरलेला नाही, मुळाशी आला आहे. ज्या राज्यात एका बाईची तीन नावे तीन कागदांवर असू शकतात, तेथे दोन रकान्यांचा अर्ज पुढे करून "चुकलात, पैसे टाका" म्हणणे ही शिस्त नव्हे, वसुली आहे. दुरुस्ती उड्डाणापर्यंत फुकट असावी, विवाहाचा दाखला किंवा नावबदलाचे राजपत्र दाखवल्यावर ती दुरुस्तीच मानावी आणि एजंटाकडून काढलेल्या तिकिटालाही तोच नियम असावा. हस्तांतरण मात्र आबांनी सांगितले तसे कुटुंबापुरते ठेवा आणि त्या दिवसाच्या भाड्याचा फरक घ्या, म्हणजे मास्तरांची भिंतही शाबूत राहते. आज आजारी पडलेला माणूस तिकीट रद्द करतो तेव्हा रद्द करण्याचे शुल्क मूळ भाडे आणि इंधन अधिभार या मर्यादेपर्यंत जाऊ शकते. म्हणजे स्वस्त तिकिटात हाती उरतात ते कर आणि विमानतळाचे आकार, आणि तीच जागा कंपनी चढ्या भावाने पुन्हा विकते.

तिकीटघर:
ताईंचा प्रसंग अन्यायाचा आहे, ते मान्य. कुटुंबापुरते, २४ तास आधी, फरक भरून, यालाही माझी फारशी हरकत नाही, कारण फरक भरायचा म्हटल्यावर निम्मे अर्जदार आपोआप गळतील. पण फुकट दुरुस्ती उड्डाणापर्यंत द्या म्हणजे लोक नाव वाचायचेच सोडून देतील, हे माझे मत कायम आहे.

शिरपूरचा पाहुणा:
एक शंका. कंपनीने दुरुस्ती फुकट केली तरी आपल्या दुकानाचा सेवा आकार आपण वेगळा लावता ना?

तिकीटघर:
तो विषय वेगळा आहे. त्यासाठी दुकानात या.