चित्रकला, चर्च आणि विज्ञान: १६००च्या आसपास तिन्ही एकत्र दिसतील असं उदाहरण सांगा ना

जुनी_वही:
परीक्षेसाठी युरोपचा इतिहास वाचतोय. पुस्तकात चित्रकला एका धड्यात, चर्च दुसऱ्या, कोपर्निकस-गॅलिलिओ तिसऱ्या, जणू यांची कधी गाठच पडली नाही. तिन्ही एकाच ठिकाणी दिसतील असं काही आहे का? "विचारस्वातंत्र्य आलं" टाईप उत्तर नको, ते गाईडमध्ये आहे.

खडूफळा:
आहे की! रोमच्या सांता मारिया माज्जोरे चर्चमध्ये पाओलिना चॅपेल (चर्चमधलं छोटं प्रार्थनास्थळ) आहे, त्याच्या घुमटात चिगोली नावाच्या चित्रकाराने १६१२ मध्ये येशूची आई मेरी रंगवली. तिच्या पायाखाली चंद्र असायचा ही जुनी पद्धत, पण तो गुळगुळीत, डाग नसलेला, कारण मेरी निष्कलंक आणि ॲरिस्टॉटलच्या हिशेबाने आकाशातलं सगळंच परिपूर्ण. ह्या पठ्ठ्याने काढला खड्ड्यांचा, खडबडीत कडेचा! चिगोली गॅलिलिओचा दोस्त, आणि गॅलिलिओचं दुर्बिणीवरचं पुस्तक १६१० मध्येच आलेलं. चॅपेल बांधून घेतलं कोणी, तर खुद्द पोप पॉल पाचवे यांनी.

निळी_शाई:
उलट दिशेनेही बघ. गॅलिलिओला चित्रकलेची चांगली जाण होती, १६१३ मध्ये फ्लोरेन्सच्या चित्रकारांच्या अकादमीत त्याला घेतलं. चंद्राच्या अंधाऱ्या भागात उजेडाचे सुटे ठिपके दिसले तेव्हा त्याने ओळखलं की हे डोंगरांचे शेंडे, खाली अजून सूर्य पोचलेला नाही, मग त्यावरून उंचीचा हिशेबही केला. इंग्लंडात हॅरियट नावाच्या गणितज्ञाने त्याच्या काही महिने आधी, १६०९च्या उन्हाळ्यात दुर्बिणीतून चंद्र काढला होता, त्यात नुसती वेडीवाकडी रेघ आणि डाग आहेत, कारण छायाप्रकाश वाचायची नजर नव्हती.

तिरपा_कोन:
हे जरा ताणतोयस. हॅरियटची दुर्बीण सहापट मोठं दाखवणारी, गॅलिलिओची वीसपट. त्याला दोष काय द्यायचा? मात्र गॅलिलिओचं पुस्तक आल्यावर हॅरियटने जे नकाशे काढले त्यात विवरं आहेत, तेव्हा काय बघायचं हे माहीत असणं कामाला येतं, एवढं मान्य.

जुनी_वही:
भारी! पण मग पोपने असला चंद्र चालवून कसा घेतला? ट्रेंटच्या परिषदेने (कॅथलिक चर्चच्या मोठ्या सभेने) तर १५६३ मध्ये ठरवलेलं ना की चर्चमध्ये वेगळं काही चित्र लावायचं तर बिशपची परवानगी पाहिजे?

खडूफळा:
कारण भांडण चंद्रावरच्या डोंगरांचं नव्हतंच मुळी. १६११ मध्ये रोमच्या जेझुइट (कॅथलिक चर्चचा एक पंथ) गणितज्ञांनी दुर्बिणीतून दिसलेलं बरंचसं खरं मानलं होतं, त्यांच्यातला म्हातारा क्लावियस तेवढा चंद्राच्या खडबडीतपणावर अडून बसलेला. अडचण झाली ती पृथ्वी फिरते म्हटल्यावर, कारण ते बायबलच्या शब्दांवर यायला लागलं. म्हणून १६१६ मध्ये ह्याच पॉल पाचव्यांच्या काळात पृथ्वी फिरते म्हणणारं कोपर्निकसचं पुस्तक दुरुस्ती होईपर्यंत बंद केलं आणि गॅलिलिओला समज दिली. घुमटातला चंद्र मात्र कोणी पुसला नाही, आजही आहे. आणि हो, पेपरात १६१६ आणि १६३३ची खिचडी करू नकोस, गॅलिलिओवरचा खटला १६३३चा, तेव्हा पोप अर्बन आठवे होते.