दुर्बिणीच्या ऑपरेशनात संगणकाच्या नजरेवर विसंबायचं का?

साचेवाला: पित्ताशयाचं ऑपरेशन चालू असताना पडद्यावर 'पित्ताची नळी इतके मिमी दूर' असा आकडा यावा, यावर संशोधन चालू आहे. दोन भिंगांच्या दुर्बिणीतून दोन चित्रं येतात, त्यांच्यातला फरक मोजून संगणक खोली काढतो. माझं म्हणणं एवढंच, की सरासरी चूक कमी आली म्हणून त्याला पास करू नका. मुख्य पित्तनलिका जेमतेम ६ मिमी जाडीची. सरासरी छान आणि नेमकी नळीच्या कडेला चूक १० मिमी, मग?

प्रोजेक्टसाठी आम्ही दोन वेबकॅम शेजारी लावून समोर सोलापुरी चादर ताणली. नक्षीत तेच फूल परत परत येतं. प्रोग्रामने एका चित्रातलं फूल दुसऱ्यातल्या शेजारच्याच फुलाशी जुळवलं आणि सपाट चादरीत खड्डा दाखवला. तोही ठासून! मग बकऱ्याचं काळीज आणलं (मेसच्या मावशी खूश). ओल्या काळजावरची चकाकी दोन्ही कॅमेऱ्यांना वेगवेगळ्या जागी दिसते. तिथले आकडे निव्वळ हवेत.

टाकेवाला: डॉक्टर आहे, म्हणून बोलतो. इतकी वर्षं एका भिंगाच्या दुर्बिणीने, सपाट पडद्यावर बघून ऑपरेशनं करतोय. अवजाराचं टोक हळूच टेकवून अंतर कळतं. माझी नजर कुणी मिमीत मोजली होती का? १९८५ मध्ये जर्मनीत मूहे यांनी दुर्बिणीने पहिलं पित्ताशय काढलं, तेव्हा त्यांनाही तिथल्या सर्जन मंडळींनी उडवूनच लावलं होतं. आकडा म्हणजे सल्ला, हात माझाच.

बाळीवेसकर: का बे साचेवाल्या, खरं अंतर कळल्याशिवाय चूक काढणार कशी? पोटात पट्टी घालणार?

साचेवाला: पट्टी नाही, प्रकाश. २०१९ च्या एका स्पर्धेसाठी मेलेल्या डुकराच्या पोटात ठराविक नक्षीचा प्रकाश टाकून खरी खोली मोजली होती. पण मेलेल्या पोटात श्वास नाही, वाहतं रक्त नाही, विजेच्या अवजाराने मांस जाळताना निघणारा धूरही नाही. डॉक्टर, सल्ला ठासून दिला की हात वळतोच. म्हणून चाचणीत धूर हवा, रक्त हवं आणि खात्री नसेल तिथे आकडा कोरा राहतो का, तेही तपासायला हवं.

टाकेवाला: धूर झाला की मीही थांबतो, तो बाहेर सोडतो, मग पुढे. त्यामुळे कोऱ्या आकड्याचं पटलं. पण दर मिनिटाला कोरा झाला तर सिस्टरला सांगून बंदच करून टाकेन. हेही तुमच्या चाचणीत धरा.

साचेवाला: हे आम्ही धरलंच नव्हतं. किती वेळा कोरा चालेल, ते तुम्हीच सांगा.

टाकेवाला: नळीजवळ कितीही. बाकी ठिकाणी मला आकडाच नको.

बाळीवेसकर: आणि त्या काळजाचं काय केलं शेवटी?